आमची मशीन गोदामात होती

आमच्याकडं जावई म्हणजे दहावा ग्रह. बाकीच्या नवांची निदान शांत करता येते. हा जेवून, पान खाऊन, दुपारची झोप काढूनही शांत होत नाही. त्यातून धोंड्याचा महिना असला तर विचारूच नका. तीन वर्षांतून एकदा येणारा हा अधिकचा महिना देवानं बहुतेक जावयांना विचारूनच ठरवला असावा. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि नारायणाला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही.

सासू-सासरे गेले तेव्हापासून हे वाण आमच्या घरावर आलं. माझी नणंद संग्रामपूरला दिलेली. तिचे यजमान, म्हणजे माझे नंदोई, तिथं मोबाइलचं दुकान चालवतात. आम्ही वडनेर भोलजीला, शेती कापसाची. त्या वर्षी दोघं आले. मी तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडले, वर दिवा ठेवला, ह्यांनी जावयाला पाटावर बसवून कुंकू लावलं आणि ताट हातात दिलं. 'हे' म्हणजे माझं माणूस. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि ह्या प्रकरणात तर ते न घेतलेलंच बरं.

अनारसे कमी फुलले होते. नणंद चाखून म्हणाली, "वहिनी, औंदा जाड झाले वं." झाले असतील. थापताना माझी बोटं झोपली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारची तीन बोटं, दोन्ही हातांची. आधी रात्री मुंग्या यायच्या, मग भाकरी थापताना यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या. बुलढाण्याच्या डॉक्टरनं मनगट दाबून, वाकवून पाहिलं आणि म्हटलं, मनगटातली शीर दबली आहे, कपडे पिळणं बंद करा. नाही केलं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि उशीर झाला तर ऑपरेशन करूनही बोटांची जाणीव परत येईलच असं नाही. मी विचारलं, पिळायचे नाहीत तर वाळतील कसे? तो म्हणाला, मशीन घ्या. शिकलेल्या माणसाला सगळं सोपं.

पण घ्यायचीच होती आता. माझ्या लेकीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडं. बाळाला तेल लावणं, पायावर घेऊन न्हाऊ घालणं, शेकणं, धुरी देणं, हे सगळं आजीचं काम. माझ्या आईनं माझ्या लेकीला असंच पायावर घेतलं होतं, आणि मी तेव्हाच ठरवलं होतं की लेकीचं लेकरू मी दुसऱ्या बाईच्या पायावर जाऊ देणार नाही. हात तोवर बरे व्हायला पाहिजेत, एवढंच मला पाहिजे होतं. बाकी जगाचं काही का होईना.

मी हे सगळं जेवणाच्या पंगतीत बोलले ती माझी चूक. नंदोयांनी अनारसा खाली ठेवला आणि खिशातून फोन काढला.

"वहिनी, मशीनची चिंता सोडा. मशीन आली म्हणून समजा."

फोनमध्ये मशीन होती. पांढरी, पुढून गोल तोंडाची, आत स्टीलचं पोट. तिच्याखाली हिरव्या अक्षरात भाव, आणि भावाच्या शेजारी वर चढणारी एक रेघ.

"हे टोकन," नंदोई म्हणाले. "क्रिप्टो. एक टोकन म्हणजे एक मशीन. कंपनीचं गोदाम हाये, तिथं तुमची मशीन ठेवलेली हाये. जवा मन होईन तवा बटन दाबा, मशीन घरपोच."

"मंग आजच दाबा," मी म्हटलं.

नंदोई हसले. ह्यांच्याकडं पाहून हसले, म्हणजे ह्या बायकांना काय कळतं. "आज दाबली तं एक मशीन येईन, बस. न दाबली तं टोकनचा भाव चढन. वहिनी, मशीन घरी आली की जुनी होते. टोकन जुनं होत नाही."

ह्यांनी ते ऐकलं आणि ह्यांच्या डोळ्यांत जे तेज आलं ना, बाप्पा! लग्नात मला पाहून आलं नव्हतं तेवढं.

त्याला कारण होतं. ते सांगितल्याशिवाय ह्यांचा बह्याडपणा, म्हणजे खुळेपणा, तुम्हाला समजायचा नाही. आमच्याकडं कापूस वेचून आणला की लगेच विकत नाहीत. घरात भरून ठेवतात. पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरते, माणसं मागच्या खोलीत सरकतात, कापसातल्या किड्यांनी सगळ्या घराला खाज सुटते, आणि तरी माणूस म्हणतो, थांब, भाव चढन. एका वर्षी ह्यांनी माझं ऐकून दिवाळीआधी कापूस विकला. संक्रांतीनंतर भाव असा चढला की गल्लीत ज्यानं त्यानं मोटारसायकल आणली. ह्यांनी आणला कंदील, लाइट गेल्यावर लावायला. तेव्हापासून ह्या माणसानं मनात गाठ मारली: विकायचं नाही, थांबायचं. पाहुणे आले तरी हे त्यांना कापसाच्या खोलीत नेऊन दाखवतात, जसं काही आत नवरी बसली आहे.

तर टोकन घेतलं. जावयाला, तेही धोंड्याच्या महिन्यात, नाही कसं म्हणायचं? मशीनसाठी बाजूला काढून ठेवलेले पैसे तिथल्या तिथं फोनमधून गेले. नंदोयांनी अनारसे डब्यात भरून घेतले आणि संग्रामपूरची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पेढे आणले. घरात नवी वस्तू आली की शेजारीपाजारी पेढे मागतात, हे खरं. पण वस्तू यायला तर पाहिजे! हे दारोदार सांगत गेले, "मशीन घेतली, कपड्याची." बाया पाहायला आल्या. ह्यांनी एकेकीला फोन दाखवला. शेजारची चाची, जिच्या घरचे दोन पिढ्या गाद्या भरायचं काम करतात आणि जिचा आणि माझा चहा एकाच चुलीवर होतो, ती फोन हातात घेऊन उलटा-सुलटा करून म्हणाली,

"बाई, इसमें कपडे किधर से डालते?"

"गोदामात हाये ती, चाची," हे म्हणाले.

"अच्छा. तो कपडे गोदाम को भेजते क्या?"

मी पदर तोंडाला लावून आत गेले. चाचीनं पेढा मात्र खाल्ला आणि वर सुनेसाठी एक घेऊन गेली.

मग तयारी सुरू झाली. मागच्या अंगणात मशीनसाठी ओटा बांधला. वरच्या टाकीवरून नळ काढला. बोर्ड बसवला, त्याला पावसाचं पाणी लागू नये म्हणून डोक्यावर पत्रा ठोकला. ओट्याला मागून उतार दिला, पाणी वाहून जायला. खरं सांगते, इतका नीट ओटा आमच्या गल्लीत कोणाचा नाही. आणि त्या ओट्याशेजारच्या दगडावर बसून मी कपडे पिळत होते. ओट्यावर बसू देत नव्हते हे. म्हणत, "तिथं नोको बसू, मशीनची जागा हाये."

"दुकानातून नगदी आणा की एक," मी म्हणायची. "नांदुऱ्याले ढिगानं पडल्या हायेत."

"आपली असताना दुसरी कायले? एका घरात दोन मशिनी काय करशीन?"

"एक तं येऊ द्या!"

"हाये ना वं ती. गोदामात हाये."

दसऱ्याला तर कहर झाला. आमच्यात दसऱ्याला अवजारांची पूजा असते. वखर, फवारणीचा पंप, विळे, गाडी, सगळं धुऊन-पुसून मांडतात. ह्यांनी पाटावर सगळ्यांच्या मधोमध फोन मांडला, आत मशीन उघडून. फोनला झेंडूची माळ. मी हळद-कुंकू वाहायला वाकले तर काच काळी झाली. "थांब, थांब," म्हणत ह्यांनी बोट लावून मशीन पुन्हा जागी केली. मी कुंकू लावलं, ते लावताना काचेला बोट लागलं आणि मशीन जाऊन तिथं भावाची रेघ आली. ह्यांनी रेघ पाहिली आणि हात जोडले. चढली होती.

हसू येतं ना? मलाही येत होतं. पण त्याच आठवड्यात माझ्या हातून दुधाचं पातेलं गेलं. धरलं होतं, चांगलं दोन्ही हातांनी धरलं होतं. पकड कधी सैल झाली ते कळलंच नाही. मला वाटत होतं पातेलं हातात आहे, आणि दूध पायावर होतं. पातेल्याचं काही नाही हो. पातेल्याच्या जागी मला दुसरंच दिसलं.

त्या रागात मी ह्यांना धरलं. "आज बटन दाबा. आत्ता."

ह्यांनी फोन काढला. भाव मशीनच्या दुकानातल्या किमतीच्या किती तरी वर गेला होता. हे मला शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजावू लागले. "पाह्य, बटन दाबलं की टोकन जळून जाते. असं लिहेलच हाये इथं. आज हे टोकन दीड मशीनीच्या मोलाचं झालं. आता बटन दाबलं तं एकच मशीन भेटन. म्हणजे अर्धी मशीन आपण आपल्या हातानं जाळली ना?"

"मंग टोकन विका अन् त्या पैशाची मशीन आना. वरचे पैसे खिशात घाला."

ह्यांनी फोन खिशात घातला. पण आमच्या घरात उत्तर नसलं की बोलणं थांबतं असं नाही. "संक्रांतीपर्यंत थांब," ते म्हणाले. "दोन मशीनीचा भाव होईन. एक तुले, एक पोरीले."

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, अशातली गत. लेकीची मशीनसुद्धा वाटून झाली होती. मी भांडले, चांगली शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशी भांडले. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना ते फार आवडलं असावं, कारण त्यांनीही घाई केली नाही.

नणंदेचं काय चाललं आहे ते एकदा फोनवर विचारलं. तिच्या नावावर फ्रिज होता, एसी होता. "वापरतेस का वं?" म्हटलं. ती म्हणाली, "कायचं वापरते! माठातलं पाणी पेऊन राह्यलो. तुह्या नंदोयाले म्हटलं आना, तं म्हणते, उन्हाळ्यात एसीचा भाव चढन, तवा पाहू." म्हणजे नंदोई फसवणारा नव्हता. तोही बिचारा थांबलेलाच होता. फसवणारा असता तर निदान शिव्या घालायची सोय झाली असती. आता धोंड्याच्या नारायणाला शिव्या तरी कशा घालायच्या!

संक्रांत आली. भाव पडला. आता तरी, मी म्हटलं. तर हे म्हणाले, "पडेल भावात कोन विकते? हे तं बह्याडाचं काम." चढत असताना थांबायचं कारण चढतोय, आणि पडत असताना थांबायचं कारण चढेल. ह्याच हिशेबानं पुढच्या खोलीत कापूसही थांबलेला होता, आणि त्याची खाज सगळ्या घराला होती. मी विचारलं, "तुम्ही कधी काही विकता तरी का हो?" ह्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "भंगार विकलं नाही का मागं?"

सातव्या महिन्यात लेक आली. ओटी भरली, डोहाळजेवण झालं. तिचे कपडे, तिच्या पांघरुणांचे ढीग, जुन्या धोतरा-लुगड्यांची मी बाळासाठी कापून ठेवलेली दुपटी, लंगोट. नवं कापड बाळाला टोचतं, म्हणून सगळं जुनं, पुन्हा पुन्हा धुऊन मऊ करायचं. कोण धुणार? मीच. लेक म्हणायची, आई मी धुते. नऊ महिन्यांच्या पोटानं तिला दगडावर वाकू देऊ? चाची यायची, अर्धे धुऊन द्यायची, पण तिचंही घर होतंच. डॉक्टरनं सांगितलेलं मला पाठ होतं. पण सांगणं पाठ असून कपडे धुतले जात नाहीत.

आणि मग भोपळ्याची गोष्ट झाली.

गुरुवारच्या बाजारातून मी एक भोपळा आणला. लाल नाही, दुधी. चांगला जाड, लांबट, हातात घेतला की लेकराएवढा भरेल असा. दुपारी लेक निजली होती. हे वावरात गेले असं मला वाटलं. मी न्हाणीचं दार लोटलं, पाटावर बसले, पाय पसरले, भोपळ्याला तेल चोळलं आणि पायावर घेतला. मानेखाली डावा हात घ्यायचा, उजव्या हातानं पाणी घालायचं, मग पालथा करायचा. आईनं शिकवलेलं सगळं अंगात होतं. पाणी किती गरम आहे ते कोपरानं पाहिलं. कोपर शहाणं होतं अजून. सरळ होता तोवर भोपळा राहिला. पालथा करायला उचलला. बोटांनी सांगायचं असतं ना, सुटतंय, घट्ट धर. बोटं काही बोललीच नाहीत. भोपळा गेला, फरशीवर आपटला, दोन तुकडे झाले. एक तुकडा घरंगळत मोरीपाशी जाऊन थांबला.

दारात हे उभे होते. पंपाची नळी घ्यायला परत आले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. माझ्याकडं पाहिलं, तेल लावलेल्या भोपळ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हसा." ते हसले नाहीत. मलाच रडू फुटलं. असं, तोंड उघडून, लहान पोरीसारखं.

ते तिथंच न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले आणि फोन काढला. बटन दाबलं. इतके महिने ज्या बटनावरून घरात महाभारत चाललं होतं ते त्यांनी एका क्षणात दाबलं. फोननं विचारलं, टोकन जाळायचं का? हो दाबलं. फोननं सांगितलं, टोकन जळालं. मग एक चाक फिरत राहिलं. मग फोननं अजून एक गोष्ट सांगितली, ती मात्र आधी सांगितली नव्हती. ह्या वर्गातला माल सध्या शिल्लक नाही. आपण शिल्लक मालातून निवड करू शकता.

शिल्लक माल होता टी-शर्ट, टोपी आणि पाण्याची बाटली. तिन्हींवर कंपनीचं चित्र.

"काय करू?" हे म्हणाले.

मी डोळे पुसले. "टोपी नका घेऊ," म्हटलं. "ती तं तुमाले घातलेलीच हाये."

त्यांनी टी-शर्ट घेतला. नंदोयांना फोन लावला, ते म्हणाले, वरच्या माणसाशी बोलतो, कंपनीचं नाव बदललं आहे, थोडं थांबा. थांबा हा शब्द ऐकून ह्यांनी फोन ठेवून दिला. माझ्या देखत जावयाचा फोन ह्यांनी स्वतःहून ठेवला तो त्या एकाच दिवशी. भोपळ्याची मी भाजी केली. टाकून काय द्यायचा?

टी-शर्ट मात्र आला हो! आठवड्याच्या आत, कुरिअरनं, प्लास्टिकच्या पिशवीत, छान घडी घालून. सगळ्या व्यवहारात तेवढं एक वेळेवर आलं. माप ह्यांच्या दुप्पट. छातीवर सोनेरी नाणं, पाठीवर इंग्रजीत काहीतरी. लेकीनं वाचून सांगितलं, "भविष्य आपल्या हातात." मी म्हटलं, बरोबर आहे, म्हणूनच हातातून सुटलं.

त्याच आठवड्यात लेक बाळंत झाली. मुलगी. काळेभोर जावळ, आणि आवाज असा की अख्ख्या दवाखान्याला कळलं. घरी आणलं, ओवाळलं, आत घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापलं, पाट मांडला, तेलाची वाटी ठेवली. सगळ्यांना वाटलं मी बसणार. लेकीनं बाळ माझ्याकडं दिलं. घेतलं मी. वजन कळलं. ओझं कळतं, ते खांद्याला कळतं. पण तिची कातडी कशी आहे, मऊ आहे का, ऊन आहे का, बोटांना काही नाही. जसं कोणाचं तरी लेकरू कोणाच्या तरी हातात आहे आणि मी लांबून पाहते आहे.

मी चाचीला हाक मारली.

चाची आली, लुगडं खोचलं, पाटावर बसली आणि पोरीला पायावर घेतलं. चांगलं न्हाऊ घातलं तिनं, खोटं कशाला बोलू? हात मऊ, पाणी बेतानं, तोंडानं काय काय गुणगुणत होती. पोरगी रडलीसुद्धा नाही. मी शेजारी बसून तांब्या भरून देत होते, आणि मनात चाचीचा असा राग येत होता, असा राग, की तिच्याच हातचा चहा मी त्या दिवशी प्यायले नाही. दुसऱ्या दिवशी प्यायले. तिचा काय दोष?

ह्यांनी ते सगळं अंगणातून पाहिलं. जेवले नाहीत. दुपारी गाडी बोलावली आणि पुढच्या खोलीतला कापूस भरायला लागले. पडेल भावात. मी म्हटलं, "थांबा ना अजून, चढन." टोचून बोललेच मी, माझ्याच्यानं राहवलं नाही. ते म्हणाले, "मशीन आनतो." संध्याकाळी नांदुऱ्याच्या दुकानातून मशीन आली. खरीखुरी, खोक्यातली, दोन माणसांनी उचलून ओट्यावर ठेवलेली. ओट्यावर ती एवढी नीट बसली की पाहायला आलेल्या बायांनी ओट्याचीच तारीफ केली. पेढे ह्यांनी वाटले नाहीत. आठवड्यानं कापसाचा भाव चढला. गल्लीतल्या एकानं मुद्दाम दारात येऊन सांगितलं. हे फक्त "हाव", म्हणजे हो, म्हणाले आणि दुपटी वाळत घालायला गेले, तो नाण्याचा टी-शर्ट घालून. तो आता वावरात घालतात. फवारणीला चांगला आहे म्हणतात, ढिला आहे, वारा लागतो.

माझं ऑपरेशन त्या पावसाळ्यात झालं, दोन्ही हातांचं. रात्रीचं दुखणं गेलं. कपडे मशीनच धुते, दगड आता कोरडा असतो. बोटांत मात्र काही परत आलं नाही. डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आला असता तर. मी ह्यांच्याकडं पाहिलं नाही. त्यांना बरंच ऐकवलं होतं मी, आणखी किती ऐकवायचं? आणि ऐकवून बोटं थोडीच जागी होणार?

नात आता चालते, बोलते, हट्ट करते. लेक आली की मी नातीला गुरुवारच्या बाजारात घेऊन जाते. गर्दी असते, गाड्या मध्येच घुसतात. ती माझं बोट धरते. तिनं ते धरलंय की सोडलंय, हे मला कळत नाही. म्हणून मी चालता चालता सारखी खाली पाहायची. एकदा अशीच पाहत होते तर समोरच्या हातगाडीवर आदळले. पोरीनं ते पाहिलं. कोणी शिकवलं नाही, कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून ती माझ्याबरोबर चालते तेव्हा भाजीवाल्यांच्या ओरडण्यातही तिचं आपलं सारखं चालू असतं, "धरलं हाये, आजी. धरलं हाये."